उन्हाळा वाढला नाही असा ठराव

नलू गेली हे कळलं त्या दिवशी मी कूलरला लावायच्या गवताच्या ताट्या घ्यायला गेलो होतो. एप्रिल लागला होता आणि मागच्या वर्षीच्या ताट्यांचा भुसा झाला होता. दुकानदार ताट्या कापता कापता सांगत होता की यंदा ऊन काहीच नाही, धंदा बसला.

मी म्हटलं, "मंग मले घाम काऊन येऊन राह्यला?"

"तो वयानं येते काका."

तेवढ्यात शेजारच्या ज्योत्स्नाचा फोन आला. "काका, घरी या."

"काऊन?"

"या तुम्ही. लवकर या."

नळ आला असेल किंवा गॅसवाला आला असेल, असं मला वाटलं. मी ताट्या स्कूटरला बांधल्या आणि बोरगाव मेघेला निघालो. वाटेत सुतळी सैल झाली म्हणून थांबून पुन्हा आवळली. घरी पोचलो तर अंगणात माणसं. मी खांद्यावर ताट्या घेऊन फाटकातून शिरलो. कोणीतरी माझ्या खांद्यावरून ताट्या उतरवून घेतल्या. त्या कुठं ठेवायच्या हे त्याला कळेना, तो त्या धरून तसाच उभा राहिला. आत नलूला चटईवर ठेवलं होतं. ज्योत्स्नाकडे विरजण मागायला गेली होती, बोलता बोलता पायरीवर बसली, आणि उठलीच नाही.

तिच्या हृदयाची एक झडप खराब होती. डॉक्टरांनी आम्हाला ते केव्हाच सांगितलं होतं. तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण अंगणात बसलेल्या लोकांना माहीत नव्हतं. त्यामुळे ती कशानं गेली हे त्यांनी आपसात ठरवायला घेतलं.

"ऊन लागलं, दुसरं काय."

"छे हो, सकाळचं ऊन. पयले याच्याहून तापत होतं. आमी काय मेलो?"

"पयले झाडं होते."

"झाडं आत्ताही आहेत, तुमी घराबाहेर निघत नाई."

नलू आत होती आणि बाहेर उन्हाळा वाढला की नाही यावर चांगलीच जुंपली होती. ती उठून बसली असती तर दोन्ही बाजूंना चहा दिला असता आणि आणखी पेटवून दिलं असतं. तो तिचा आवडता उद्योग होता.

मी आयुष्यभर वर्धा डेपोत एसटी चालवली. चालकाशी बोलू नये अशी पाटी गाडीत असते. ती मी इतकी वर्षं पाठीशी घेऊन बसलो की घरीही मी कमीच बोलायचो. नलू अंगणवाडीत होती. तिच्या वाटचं बोलून झालं की ती माझ्या वाटचंही बोलायची. आमच्या बोरगाव मेघे आणि सिंदी मेघेच्या म्हाताऱ्यांचं एक ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. त्यात जोडीचं सभासदत्व असतं. नवरा-बायको मिळून एक सभासद, एक मत. आमचं मत नलू द्यायची आणि मी शेजारी बसायचो.

त्या मंडळाला गेल्या हिवाळ्यात एका भल्या माणसानं देणगी दिली. त्या पैशाचं काय करायचं यावरून मंडळात दोन तट पडले. एक तट नलूचा होता. आमच्या नाक्यावर मजुरांचा ठिय्या आहे. सकाळी बायामाणसं डबे घेऊन तिथं उभी राहतात, ठेकेदार येतात, पाहिजे तितकी माणसं घेऊन जातात. ज्यांना काम मिळत नाही ती दुपारपर्यंत तिथंच थांबतात, न जाणो कोणी येईल म्हणून. पूर्वी तिथं एक मोठा कडुनिंब होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला. तिथं टिनाची नव्हे, चांगली वर गवत अंथरलेली गार शेड बांधायची, एवढंच नलूचं मागणं होतं. ती ते दोन उन्हाळे मागत होती.

दुसरा तट मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव यांचा. वासुदेवराव हेडमास्तर होते आणि अजूनही आहेत, फक्त शाळा उरली नाही. त्यांना मंडळाच्या हॉलमध्ये एसी पाहिजे होता.

सभेत सिंदी मेघेचे कृष्णकांत सर उठले. ते कॉलेजात विज्ञान शिकवायचे. त्यांनी सांगितलं की हवामान बदलत आहे, उन्हाळे कडक होत आहेत, उघड्यावर काम करणाऱ्यांना सर्वात आधी झळ बसते, म्हणून शेड पाहिजे. वासुदेवराव म्हणाले, "हे सगळं पेपरवाल्यांचं खूळ आहे. माझ्या लहानपणी मी अनवाणी शाळेत जात होतो. ऊन तेवढंच आहे."

नलू म्हणाली, "ऊन तेवढंच आहे, मंग एसी कायले पाहिजे जी?"

"तो मंडळाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, नलूताई."

शेवटी कोणाच्याच मनासारखं होईना तेव्हा वासुदेवरावांनीच तोडगा काढला. महाराष्ट्र दिनाला मंडळाचा वर्धापनदिन असतो आणि त्यात वादविवाद असतो. यंदाचा विषय: उन्हाळा वाढला आहे काय? वाढला असं ठरलं तर शेड. नाही असं ठरलं तर एसी. सगळ्यांना हे एकदम न्यायाचं वाटलं. उन्हाळा वाढला की नाही हे हात वर करून कसं ठरणार, असं फक्त कृष्णकांत सरांनी विचारलं. त्यांना सांगण्यात आलं की लोकशाही आहे.

वक्त्यांच्या बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. तो मंडळाचा जुना रिवाज आहे, म्हणजे कोणी कोणावर रुसत नाही. कृष्णकांत सरांना 'वाढला' निघालं. नलूला 'वाढला नाही' निघालं.

मला वाटलं ती रडत घरी येईल. ती हसत आली.

"तुले तर उलटं बोला लागन," मी म्हटलं.

"त्याचीच तर गंमत आहे. मी इतकं येड्यासारखं बोलीन, इतकं येड्यासारखं, का वासुदेवरावलेही आपल्या बाजूची लाज वाटन. सर नुसते उभे राह्यले तरी जिंकतीन."

"तू हरशील?"

"तुमच्यासंग राहून कधी हरायची पाळीच नाई आली. एकदा हरून पाहीन."

त्या दिवसापासून भाकरी थापताना, भाजी निवडताना ती येडे मुद्दे काढायची आणि मला ऐकवायची. मी हसलो तर मुद्दा ठेवायची. मी हसलो नाही तरी ठेवायची, म्हणायची तुम्हाला कळला नाही.

मग एप्रिल लागला आणि मी ताट्या आणायला गेलो.

तेरवी झाल्यावर वासुदेवराव भेटायला आले. पाणी प्यायले. मग घसा साफ करून म्हणाले, "रूपरावजी, वेळ बरोबर नाही, पण जोडीचं सभासदत्व आहे. जोडीतलं एक नसलं तर त्याचं काम दुसऱ्याकडे येतं. असा नियम आहे. तुम्हाला जमणार नसेल तर आम्ही दुसरा कोणी चांगला वक्ता पाहतो."

चांगला वक्ता म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं. चांगला वक्ता जिंकला असता.

"नाई," मी म्हटलं. "मी बोलतो."

"तुम्ही?" त्यांना हसू आवरेना, पण दुःखाच्या घरी हसता येईना.

"नलूचं काम आहे. मीच करतो."

माझ्यासारखा माणूस हरणार यात कोणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. नलूनं मागितलेली एक गोष्ट मी तिच्यामागं करून देऊ शकत होतो आणि त्यासाठी फक्त वाईट बोलायचं होतं. इतकं सोपं काम मला कोणी आयुष्यात दिलं नव्हतं.

तरी खबरदारी म्हणून मी सिंदी मेघेला कृष्णकांत सरांकडे गेलो. सरांच्या बायकोनं, लीनावहिनींनी, पन्हं दिलं आणि माझ्याकडे पाहून डोळ्याला पदर लावला. सर टेबलावर कागद पसरून बसले होते.

मी म्हटलं, "सर, मले हरायचं आहे. तेवढं नीट हरवून द्या."

सर चष्म्यावरून पाहायला लागले. "म्हणजे? तुम्ही मुद्दाम हरणार?"

"नलूचं तसंच ठरलं होतं."

"मला असली मदत नको, रूपरावजी. उद्या लोक म्हणतील ह्यांचं विज्ञान नुरा कुस्तीवर जिंकलं. तुम्ही पूर्ण ताकदीनं बोला."

"माह्यात ताकदच नाई जी."

"मग आहे तेवढ्या ताकदीनं बोला."

लीनावहिनी आतून म्हणाल्या, "अहो, तो माणूस घरी चालत आला आहे हरायला. हरवा ना." सरांनी ऐकलं नाही.

मग त्यांनी मला तासभर समजावलं. आज तापलं, उद्या गार झालं, त्यावरून काही ठरत नाही म्हणाले. तीस तीस वर्षांची सरासरी काढायची आणि ती कुठं सरकते ते पाहायचं. मी म्हटलं, "म्हंजे एक गाडी एक दिवस लेट झाली, तर पंक्चर झालं असन. पण सगळ्या गाड्या रोजच थोड्या थोड्या लेट व्हायला लागल्या, तर डेपोतच काई बिघडलं आहे."

सर एकदम खूश झाले. "अगदी बरोबर! फार छान. पण हे तिथं बोलू नका, हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे."

उठताना मी त्यांना एक विचारलं. अंगणातल्या लोकांचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. "सर, नलू उन्हानं गेली काय?"

त्यांनी चष्मा काढला. "तिची झडप खराब होती ना? मग असं म्हणता येत नाही. उन्हाळे वाढले की एकूण माणसं जास्त जातात, हे आपण सांगू शकतो. पण एका माणसाकडे बोट दाखवून हा उन्हानं गेला, असं सहजासहजी सांगता येत नाही. ते विज्ञान नाही."

मला ते बरं वाटलं. निदान एक माणूस तरी होता, ज्यानं तिच्याबद्दल ठोकून दिलं नाही.

महाराष्ट्र दिनाला हॉल भरला. पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते. सर आधी बोलले. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. एक लाल रेष होती, ती खाली-वर होत होत शेवटी वर चढत होती. समोरून एकानं विचारलं, "सर, हा कागद तिरपा तर नाई न धरला?" सर म्हणाले, नाही, तापमानच चढलं आहे. मग त्यांनी वायूंबद्दल सांगितलं, कोळशाबद्दल सांगितलं, रात्री गार न होण्याबद्दल सांगितलं. सगळं खरं होतं. पण एकेक वाक्य इतकं लांब होतं की सुरुवात झाली तेव्हा जागा असलेला माणूस शेवटाला पोचेपर्यंत डुलकी काढत होता. पुढच्या रांगेत वासुदेवराव स्वतः घोरत होते.

मग माझी पाळी आली. मी माइकसमोर उभा राहिलो. नलूचे मुद्दे, जसे भाकरी थापताना ऐकले होते तसे, एकेक सांगायला लागलो.

"उन्हाळा वाढला नाई," मी म्हटलं. "आपण म्हातारे झालो. पयले आपण उन्हात पळत होतो, आता ऊन आपल्यामागं पळते."

कोणीतरी हसलं. मी घाबरलो. पुढचा मुद्दा घेतला.

"पयले ऊन मोजतच नव्हते. आता रोज मोबाइलवर मोजतात. मोजणं बंद करा, ऊन आपोआप कमी होईन. बीपीचं तसंच आहे. मशीन आणलं त्या दिवसापासून बीपी वाढलं."

आता सगळा हॉल हसला. बायकांच्या बाजूला तर खिदळणं थांबेना. मी गंभीर चेहऱ्यानं उभा होतो, कारण मला घाम फुटला होता. ते त्यांना आणखी मजेशीर वाटलं.

"वासुदेवराव सांगतात, ते लहानपणी अनवाणी शाळेत जात होते. त्यायच्यावर इस्वास ठेवा. इतक्या वर्षांत त्यायनं चप्पल काऊन घातली, हे मात्र मले माहीत नाई."

हा मुद्दा तर सरळ आमच्याच बाजूवर उलटणारा होता. नलूनं तो सर्वात जपून ठेवला होता. पण हसण्याच्या भरात कोणीच त्याचा विचार केला नाही. वासुदेवराव जागे झाले आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. नलूची चूक एकच झाली. येडं बोलून लोकांना लाजवता येतं असं तिला वाटलं. लोकांना तर तेच आवडलं.

मी खाली बसलो. हॉल टाळ्या वाजवत होता. कृष्णकांत सरांना उत्तर द्यायला वेळ मिळाला. ते उभे राहिले. शिकवलेल्या मुलांसमोर कधी हसू झालं नसेल त्यांचं. आलेख सोडून त्यांनी एकदम आवाज चढवला.

"तुम्ही हसता? पुरावा पाहिजे ना तुम्हाला? पुरावा तुमच्यासमोर आहे! आपल्या नलूताई कुठं आहेत? महिन्याभरापूर्वी त्या याच हॉलमध्ये होत्या. ह्या उन्हानं त्यांचा बळी घेतला. ह्या माणसाची बायको उन्हानं नेली आणि हा माणूस इथं उभा राहून ऊन वाढलं नाही म्हणतो!"

हसणारे माना खाली घालून बसले. माझ्या लक्षात आलं की आता मी फक्त गप्प बसायचं आहे. एवढं केलं की सर जिंकले, शेड झाली, नलूचं काम झालं. गप्प बसणं हे एकच काम मला आयुष्यभर चांगलं जमलं होतं.

मला ते जमलं नाही. नलूला तिच्या जागेवरून उचलून कोणीतरी पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं, असं मला वाटलं.

मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, "सर, ती उन्हानं नाई गेली. तिची झडप खराब होती. एका माणसाकडे बोट दाखवून असं सांगता येत नाई, ते विज्ञान नाई, असं तुमीच मले तुमच्या घरी सांगितलं. वयनीनं पन्हं दिलं त्या दिवशी."

सर खाली बसले. मी हरायला गेलो होतो आणि खरं बोलून जिंकलो.

वासुदेवरावांनी मत घ्यायला सांगितलं. मी धावत माइकपाशी गेलो. "थांबा. मी बोललो त्यातला एक शब्दही खरा नाई. ऊन वाढलं आहे. सरचं सगळं बरोबर आहे, फक्त नलूचं सोडून. मले मत देऊ नका. शेड पाहिजे आहे."

बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. "पाहा माय, बायको गेली तरी किती मोठं मन." एक हात वर गेला. मग दुसरा. मग सगळेच. बायको गेलेल्या माणसाला हरवायचं पाप कोणाला नको होतं. सांत्वनाला आले तेव्हा त्यांना काय बोलावं सुचलं नव्हतं, ते त्यांनी इथं हात वर करून पुरं केलं. लीनावहिनींचाही हात वर होता. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात अर्धा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला.

उन्हाळा वाढलेला नाही असा ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. त्या दिवशी दुपारी वर्ध्यात इतकं तापलं होतं की ठराव झाल्यावर सगळे घरी न जाता संध्याकाळपर्यंत हॉलमध्येच थांबले.

एसी मेच्या मध्यावर आला. विजेता म्हणून बटण दाबायचा मान माझा होता. नारळ फोडला, मी बटण दाबलं, थंड हवा आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मला वाटलं, आता नलूला काय सांगू. भिंतीशी बोलायची सवय मला नाही, म्हणून मी नुसता बसून राहिलो. पण बसल्या बसल्या मला एक नियम आठवला. मंडळाचे नियम नलूला पाठ होते आणि ते ती मला कामाचे नसतानाही ऐकवायची. सभासदाला पाहुणे आणता येतात. किती आणायचे हे लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी ठिय्यावर गेलो. ज्यांना काम मिळालं ते गेले होते. उरलेली माणसं टपरीच्या सावलीत एका ओळीत उभी होती, सावली सरकेल तशी सरकत होती. पंचफुलाबाई नावाची एक म्हातारी बाई नलूच्या ओळखीची होती.

"चला," मी म्हटलं.

"काय काम आहे, भाऊ? विटा का रेती?"

"बसायचं काम आहे."

"असं कुठं काम असते?"

"मंडळात असते. आमी सगळे तेच करतो."

हॉलमध्ये वासुदेवराव आणि त्यांचे तीन दोस्त कॅरम खेळत होते. आम्ही आत गेलो. पंचफुलाबाईनं दारात चपला काढल्या, त्यामुळे सगळ्यांनीच काढल्या. मग जागा पाहून सगळे खुर्च्यांवर बसले. थोड्या वेळानं पंचफुलाबाई म्हणाली, "बाप्पा, इथं तर थंडी वाजून राह्यली. जरा कमी करा नं मास्तर."

वासुदेवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "रूपरावजी, हे काय?"

"पाहुणे आहेत माझे."

"एवढे?"

"नातेवाईक जास्त आहेत नलूचे."

दोन-चार दिवसांत ठेकेदारांनाही कळलं की उरलेली माणसं आता हॉलमध्ये मिळतात. चंदन ठेकेदार एका दुपारी हेल्मेट घालूनच आत शिरला आणि ओरडला, "स्लॅबवर दोन बाया अन् एक माणूस पाहिजे!" दोन बाया उठल्या. माणूस कोणी उठेना. कोपऱ्यात वासुदेवराव बनियनवर पेपर वाचत बसले होते. चंदन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, येता का? हलकंच काम आहे, पाणी मारायचं. सावलीत नाई मिळन, पण ऊन काई इतकं नाई."

वासुदेवराव काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. हेडमास्तरांच्या तोंडात शोभत नाही.

त्यानंतर तातडीची सभा झाली. प्रत्येक सभासदाला पाहुणा एकच आणता येईल असं ठरलं. मी म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी मी पंचफुलाबाईला एकटीलाच नेलं. तर दारात लीनावहिनी उभ्या होत्या, त्यांच्यासोबत ठिय्यावरचीच एक पोरगी.

"माझी पाहुणी," त्या वासुदेवरावांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हात वर केला होता ना मी. आता भोगते आहे."

"सर काय म्हणतात?"

"बोलत नाहीत अजून. तुमच्याशीही आणि माझ्याशीही. पण सकाळी मलाच विचारलं, पाहुणा कोणाला नेतेस म्हणून."

मग ज्योत्स्नाच्या सासूनं एक आणला. मग आणखी दोघा-तिघांनी. ज्यांनी माझ्या बाजूनं हात वर केले होते त्यांनाच आता कसंतरी वाटायला लागलं होतं. आठवडाभरात हॉलमध्ये सभासद कमी आणि पाहुणे जास्त झाले. कॅरमला जागा राहिली नाही. पंचफुलाबाई कॅरम शिकली आणि तिनं वासुदेवरावांची राणी घेतली, त्या दिवशी ते माझ्या घरी आले.

खुर्चीत बसून त्यांनी रुमालानं मान पुसली. "रूपरावजी, तुम्हाला काय पाहिजे एकदा सांगा."

"शेड."

"पैसे एसीत गेले. ठराव झाला आहे. उन्हाळा वाढला नाही असा ठराव मंडळानं केला आहे, तो असाच कसा बदलता येईल?"

"बाहेर जाऊन उभे राहा न थोडं. मंग बदलता येते काय पाहा."

ते हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. बराच वेळ कूलरसमोर बसून राहिले. जाताना म्हणाले, "नलूताई असत्या तर त्यांनी मला इतका त्रास दिला नसता."

"याच्याहून जास्त देला असता," मी म्हटलं. "मी तर तिचं अर्धंही नाई करून राह्यलो."

मंडळ म्हणतं पुढच्या महाराष्ट्र दिनाला पुन्हा वादविवाद घेऊ. बाजू चिठ्ठ्या टाकूनच ठरतील. आता पाऊस लागला आहे आणि ठिय्यावरची माणसं टपरीच्या वळचणीखाली उभी असतात. शेडचा एक खांबही अजून रोवलेला नाही.